आधी नाक बंद, मग वही उघड

बेकायदा टाकलेल्या रसायनांच्या तपासासाठी प्रशिक्षणात संरक्षक सूट घालण्याचा सराव सगळेच मन लावून करतात. चांगलंच आहे, पण तू गाडी कुठे उभी करतोस यावरून मला तुझी तयारी कळेल. वारा पाठीवर घेऊन, चढाच्या बाजूने जायचं. पिंपांवरचे यूएन क्रमांक (धोकादायक मालाचे ठरलेले आकडे) दुर्बिणीतून वाच; 1203 दिसलं तर पेट्रोल. अर्थात बेकायदा माल टाकणारा खरीच पाटी लावेल, हा भाबडेपणा नको. फुगलेल्या पिंपाला हातही लावू नकोस.

वासावरून रसायन ओळखणारे जुने लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेत त्याचं प्रमाण दशलक्षात 100 भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस पुढे सरकतो आणि तिथेच फसतो. वायू मोजणाऱ्या मीटरवर आधी ऑक्सिजन बघ (20.9 टक्के असायला हवा), मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वलनशीलतेचा आकडा खोटा येऊ शकतो, म्हणून हा क्रम.

नमुन्यांचं म्हणशील, तर खटले बहुतेक इथेच ढासळतात. उडून जाणारी द्रावकं तपासायची असतील तर पाण्याच्या नमुन्याची बाटली काठोकाठ भर, बुडबुडा राहू देऊ नकोस, 4 अंशांच्या आसपास थंड ठेव. बाटली कोणाकडून कोणाकडे गेली, किती वाजता, सही कोणाची, हे जागेवरच लिही. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद बचावाचा वकील दोन प्रश्नांत फाडतो. माझी फाडली होती.