शेवयांच्या पाकिटावरचा किडा

प्रश्न : शेवयांच्या पाकिटावर ‘व्हर्मिसेली’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ ‘अळ्या’ होतो असं सांगून माझ्या नातवाने खिरीची वाटी बाजूला सारली. थट्टा करतोय की खरंच तसं आहे?
– एक आजी, लालबाग

उत्तर : आजी, नातू खरं बोलतोय. तरी वाटी पुन्हा त्याच्यापुढे सरकवा.

शब्द इटालियन. ‘वेर्मे’ म्हणजे किडा, अळी. ‘वेर्मिचेल्ली’ म्हणजे बारकुल्या अळ्या. मूळ लॅटिन ‘वेर्मिस’. गांडूळखताला ‘व्हर्मिकंपोस्ट’ म्हणतात ना, त्यातला ‘व्हर्मि’ तोच. (आमच्या दादरच्या इमारतीत असा खड्डा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे, तेव्हा हे मी धीर धरून लिहितेय.) गंमत म्हणजे इटलीतली वेर्मिचेल्ली स्पॅगेटीहूनही किंचित जाड असते. आपल्या शेवया तिच्यापुढे अगदीच नाजूक.

तिथे दिसेल तसं नाव ठेवतात. ‘स्पागो’ म्हणजे सुतळी, त्यावरून स्पॅगेटी. ‘कापेल्लिनी’ म्हणजे बारीक केस, आणि त्याहून बारीक ते ‘देवदूताचे केस’! ताटात केस निघाला तर आपण जेवण टाकू; तिथे मागून घेतात.

पण आपण तरी काय वेगळं केलं? गिरगावच्या चाळीत माझी आत्या लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले आणि नखुल्या करायची. गव्हला गव्हाच्या दाण्यासारखा, नखुली नखासारखी. ‘आत्या, नखं खायची?’ असं मी विचारलं, तर पिठाच्या हाताने टपली बसली. खीर मात्र दोन वाट्या खाल्ली.

आणि नातवाला आणखी एक सांगा. तुमच्याकडे किरमिजी साडी असेलच. तो रंग पूर्वी एका किड्यापासून काढत, आणि ‘किरमिजी’ हा शब्द अरबी-फारसीतून फिरून आला असला तरी त्याचं मूळ संस्कृत ‘कृमि’पर्यंत जातं. तिकडे लॅटिनमध्येही त्या रंगाच्या किड्याला ‘वेर्मिक्युलुस’, म्हणजे छोटा किडा, म्हणत. इंग्रजीतला ‘व्हर्मिलियन’ हा लाल रंग त्यावरूनच आला. म्हणजे किडा आपण अंगावर मिरवतो, फक्त वाटीत चालत नाही.

एवढं करूनही तो हटून बसला, तर पुढच्या खेपेला त्याच शेवयांत खजूर घाला आणि मोहम्मद अली रोडवर म्हणतात तसं ‘शीरखुर्मा’ म्हणून वाढा. फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध, ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. त्या नावात किडा नाही. शेवयासुद्धा नाहीत.