चाळीच्या पुनर्विकासात कला-संस्कृतीचा खरंच काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा की चाळ पुनर्विकासात चाललीये, कमिटीत कोणीतरी म्हणालं की परदेशात कलेच्या जोरावर अख्ख्या वस्त्या उभ्या राहिल्यात, तर यात तथ्य आहे की नुसत्या भिंती रंगवायच्या आणि फोटो काढायचे. तथ्य आहे, पण आधी घरं आणि जमीन कोणाच्या हातात राहणार ते बघा, तिथेच सगळं ठरतं.

तुमच्या कमिटीतले ते बहुतेक इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ग्रॅनबीबद्दल बोलत असावेत. टॉक्सटेथ भागातली ही वस्ती, कॅरिबियन, सोमाली, येमेनी अशी सगळीकडची माणसं, एकेकाळी भरलेला बाजार. १९८१ च्या दंगलीनंतर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, घरं विकत घेऊन रिकामी करायला सुरुवात केली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि एकेक गल्ली पाडत गेले, शेवटी एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांच्या चार गल्ल्या उरल्या. २००२ पासून सरकारी नूतनीकरण योजना आली, तिचाही भर पाडण्यावरच. मग उरलेल्या रहिवाशांनी, त्यात बायका जास्त, कोणाची परवानगी न मागता झाडू उचलला, बंद घरांसमोर कुंड्या मांडल्या, खिडक्यांवरच्या फळ्या रंगवल्या, रस्त्यावर टेबलं टाकून बाजार सुरू केला. कला म्हणाल तर एवढीच होती, पण त्यामुळे गल्लीत माणसं राहतात हे बाहेरच्यांना दिसलं.

आणि आता महत्त्वाचं. २०११ मध्ये ती सरकारी योजना बंद झाली, त्याच वर्षी लोकांनी कम्युनिटी लँड ट्रस्ट काढला, म्हणजे जमीन आणि घरं वस्तीच्या संस्थेच्या नावावर. केर्न्स स्ट्रीटवरची १० घरं ट्रस्टकडे आली, असेंबल नावाच्या तरुण आर्किटेक्ट-डिझायनर ग्रुपने ती रहिवाशांसोबत दुरुस्त केली. काही भाड्याने दिली, काही विकली, पण विक्रीची किंमत तिथल्या लोकांच्या पगाराशी बांधून ठेवली, म्हणजे परिसर छान झाला की दर वाढून मूळचेच लोक बाहेर फेकले जातात ते होऊ नये म्हणून. पाडलेल्या घरांचा राडारोडा सिमेंटमध्ये मिसळून त्यांनी शेकोटीच्या चौकटी ओतल्या, दाराच्या मुठी आणि टाइल्स तिथेच हाताने केल्या आणि त्यातून वर्कशॉप उभं राहिलं, लोकांना काम मिळालं. २०१५ ला असेंबलला या कामासाठी टर्नर प्राइझ मिळालं, ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार. पुढे दोन घरं जिथे आतले मजलेच कोसळले होते तिथे मजले परत न घालता आत झाडं लावली आणि २०१९ मध्ये सगळ्यांसाठी बाग उघडली. मला तर पुरस्कारापेक्षा ती बाग आणि पगाराशी बांधलेली किंमत या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात.

आपल्याकडे घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं रंगवली, मेट्रोतून छान दिसतात, लोकांना उत्साहही आला असेल, पण रंगाने छप्पर गळायचं थांबत नाही आणि नळाला पाणी येत नाही, तेव्हा पुनर्विकासात एवढ्यावर समाधान मानू नका.

आता तुमच्या चाळीचं. चाळ म्हणताय म्हणजे कला बाहेरून आणायची गरजच नाही. गिरणगावात कोकणातून-घाटावरून आलेल्या माणसांनी दहा बाय बाराच्या खोल्यांत राहून भजनी मंडळं, नमन, दशावतार, कामगार रंगभूमी उभी केली, अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच वस्त्यांमधून गाजलं. हे सगळं चौकात, गॅलरीत आणि ओट्यावर व्हायचं. टॉवरच्या प्लॅनमध्ये या तिन्ही जागा गायब होतात आणि बदल्यात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर, जिम मिळते.

आमच्या चाळीत काय झालं सांगतो. घरं खाली केली, बिल्डरकडून भाडं घेऊन कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला. ट्रान्झिट कॅम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या घरांत गेलेल्यांनी मंडळाचं सामान एका खोलीत ठेवलं, तिथे ओल, पखवाजाच्या पुड्या पार खराब झाल्या. तरीही गुरुवारचं भजन बंद पडू दिलं नाही, आणि त्या भजनाला जमणाऱ्यांनाच कळायचं की भाड्याचा चेक कोणाचा अडकलाय, कोणाकडून कशावर सही मागितलीये, काम कुठवर आलंय. जे भजनाला येत नव्हते ते एकेकटे पडले, काहींनी तर खोली विकूनही टाकली. बिल्डरसमोर एकत्र बसायची ताकद या गाठीभेटींतून येते, म्हणून माझ्या मते पुनर्विकासात संस्कृतीचा सगळ्यात मोठा उपयोग त्या मधल्या वर्षांत होतो, नवीन इमारत झाल्यावर नाही.

तेव्हा अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी हे लिहून घ्या: तळमजल्यावर किंवा पोडियमवर स्टेज असलेला हॉल, त्याला लागून मखर-ढोल-लेझीम ठेवायला कोरडी खोली, हॉलचा ताबा सोसायटीकडे आणि मूळ रहिवाशांच्या कार्यक्रमांना भाडं नाही. बांधकाम चालू असताना गणपती कुठे बसणार तेही लेखी हवं, तोंडी ‘बघू’ वर सोडू नका. आणि मेंटेनन्स किती येणार ते आत्ताच विचारा, कारण तो परवडला नाही तर पाच-दहा वर्षांत जुने लोक फ्लॅट विकून निघून जातात, मग हॉल आहे पण भजनाला माणूस नाही अशी गत होते.