टेनिसचा सगळा पैसा चौदाव्या वर्षाआधी संपवू नका

मुलींच्या व्यावसायिक टेनिसबद्दल नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. रॅकेट कोणत्या ब्रँडची घ्यावी, हे विचारणारे बरेच होते. ते वगळले, त्यावर सीताबर्डीचा दुकानदार माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलेल.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. विदर्भात तिच्या वयोगटात ती जवळजवळ सगळ्यांना हरवते. ओळखीचे एक जण म्हणतात, शाळा सोडवा आणि बंगळुरूच्या निवासी अकादमीत टाका. वर्षाला दहा-बारा लाख लागतील. फ्लॅट विकायची माझी तयारी आहे. विकू का? — एक वडील, मानेवाडा

विकू नका. मुलगी गुणी नाही म्हणून नव्हे. ती गुणी असेल तर खरा खर्च अजून सुरूच झालेला नाही, म्हणून.

अकराव्या वर्षी जी आधी उंच होते आणि चेंडू उंच टाकून न चुकता परत करत राहते, ती जिंकते. समोरच्या मुली चौदाव्या वर्षी तिच्या उंचीला आल्या की खेळ नव्याने मांडला जातो. त्या वेळी सर्व्हिस, पायांची हालचाल आणि पुढे येऊन मारायची हिंमत बघितली जाते. या वयातल्या ट्रॉफ्यांवर फ्लॅट लावणं म्हणजे पहिल्या पावसावर अख्ख्या वर्षाचं पीक धरण्यासारखं आहे.

आता पैशाचं बघा. व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे महिलांची पंधरा हजार डॉलरची स्पर्धा. ही रक्कम सगळ्या खेळाडूंची मिळून असते. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलात तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, त्यातूनही कर कापून. पात्रता फेरीत हरलात तर काहीच नाही. आणि तो आठवडा परदेशातला असेल तर तिकीट, खोली, जेवण, रॅकेट पुन्हा विणून घेणं, सगळं धरून कोचला न नेताही लाखभर रुपये सहज जातात. वर्षाला असे वीस-पंचवीस आठवडे खेळावे लागतात आणि हे एका वर्षात संपत नाही. अंकिता रैना अहमदाबादची. पुण्याला हेमंत बेंद्रे यांच्याकडे तयार झाली. एकेरीत तिने कारकिर्दीतलं सर्वोत्तम १६० वं स्थान गाठलं ते २०२० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मधली वर्षं कोणी ना कोणी पेलली, तेव्हा ती तिथवर पोहोचली.

आपल्याकडे उलट होतं. घरातला पैसा नवव्या ते चौदाव्या वर्षात जातो आणि अठरा ते तेवीस या वयात, जेव्हा खरोखर लागतो, तेव्हा बाबा म्हणतात, आता पदवी घे. दोष बाबांचा नाही, हिशेबाच्या क्रमाचा आहे.

चौदापर्यंत तिला घरीच ठेवा. नागपुरात तिला तोडीची मुलगी मिळत नसेल तर तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांशी आठवड्यातून तीनदा खेळवा. त्यांना थोडे पैसे द्यावे लागले तरी द्या. सुट्टीत पुण्या-मुंबईला दोन-तीन आठवडे सरावाला पाठवा. आणि प्रार्थना ठोंबरे बार्शीची आहे, हे लक्षात असू द्या. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिक. बार्शीत काय नागपूरपेक्षा जास्त कोर्ट आहेत?

मी सोळा वर्षांची आहे. ज्युनिअर स्पर्धा खेळते. जे ३०, डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५ हे आकडे नेमके काय सांगतात? आणि मी आताच सीनिअर खेळू का? — धरमपेठ

छान विचारलंस. महिलांच्या स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. डब्ल्यू १५ जिंकलीस तर १५, डब्ल्यू ३५ जिंकलीस तर ३५. वर हीच शिडी ५०, ७५, १०० अशी जाते, त्यावर डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या १२५, २५०, आणि ग्रँड स्लॅम विजेतीला २०००. 'जे' ही ज्युनिअरची वेगळी शिडी. तिथले गुण सीनिअर क्रमवारीत धरले जात नाहीत. हे अनेक पालकांना मुलगी अठराची झाल्यावर कळतं.

सीनिअर क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांमध्ये गुण हवेत, नाहीतर एकूण किमान दहा गुण. गुण ५२ आठवडे टिकतात, मग गळतात. म्हणून एखादी मुलगी जानेवारीत छान खेळून पुढच्या जानेवारीत आजारी पडली तर एका सोमवारी ती दीडशे जागा खाली दिसते.

सोळाव्या वर्षी तुला वर्षात मोजक्याच व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात. चौदाच्या आत बंदी, आणि अठरापर्यंत दरवर्षी मर्यादा थोडी थोडी वाढते. कोवळ्या वयात मुली थकून, कंटाळून खेळ सोडत होत्या, म्हणून नव्वदच्या दशकात हा नियम कडक झाला. तेव्हा भारतात होणाऱ्या डब्ल्यू १५ च्या पात्रता फेऱ्या खेळ. हरशील. हरताना एकच बघ: समोरची चोवीस वर्षांची मुलगी तुझ्या दुसऱ्या सर्व्हिसचं काय करते. ज्युनिअरमध्ये ती सर्व्हिस निभावते. इथे समोरची दोन पावलं आत येऊन ती मारते, आणि तुला पुढचे सहा महिने कशावर काम करायचं ते पहिल्या चार गेममध्ये समजतं. एन्ट्रीची मुदत स्पर्धेच्या तब्बल अडीच आठवडे आधी संपते. ती तारीख बाबांच्या नव्हे, तुझ्या डायरीत असू दे.

सानिया मिर्झानंतर एकेरीत पहिल्या शंभरात एकही भारतीय मुलगी का नाही? दिव्या देशमुख बुद्धिबळात विश्वचषक जिंकते, मालविका बनसोड बॅडमिंटनमध्ये सायनाला हरवते, दोघीही आपल्या नागपूरच्या. टेनिसमध्येच घोडं कुठे अडतं? — निवृत्त बँक अधिकारी, लक्ष्मीनगर

तुमचा प्रश्न थोडा आणखी कडू करतो. सानियाच्या आधीही कोणी नव्हतं. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकणाऱ्या निरुपमा वैद्यनाथन १३४ पर्यंत पोहोचल्या होत्या. सानिया २००७ मध्ये २७ वी झाली. तिच्यानंतर अंकिता १६०, करमन कौर थंडी १९६. म्हणजे सानिया हा नियम नव्हता, अपवाद होता, आणि आपण प्रत्येक मुलीला त्या अपवादाशेजारी उभं करून मोजतो.

बुद्धिबळात रामदासपेठेच्या खोलीत बसून जगातल्या कोणाशीही डाव मांडता येतो. बॅडमिंटनला भारतात तोडीच्या मुली भरपूर आहेत. टेनिसमध्ये दोनशेव्या क्रमांकाच्या मुलीचा चेंडू अंगावर घ्यायचा तर ती जिथे खेळते तिथे जावं लागतं. घरच्या देशात मोठ्या स्पर्धांचे आठवडे जास्त असतील तर स्थानिक मुलींना वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसतानाही प्रवेश मिळतो, प्रवास वाचतो, ओळखीचं हवामान मिळतं. त्याचं फळ दिसतंही. २०२४ मध्ये मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत सहजा यमलपल्लीने अमेरिकेच्या कायला डेला, स्पर्धेतल्या अग्रमानांकित खेळाडूला, हरवलं. पुढच्या वर्षी तिथेच पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत गेली. २०२५ मध्ये पुण्यात बिली जीन किंग चषकात, म्हणजे महिलांच्या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेत, श्रीवल्ली भमिदिपाटीने एकेरीचे आपले सगळे सामने जिंकले. तिन्ही घरच्या कोर्टवर, हे योगायोगाने झालं असं मी मानत नाही.

आणि शंभर हा आकडा गोल आहे म्हणून आवडतो; खेळाडूचं पोट दुसऱ्या आकड्यावर असतं. साधारण २२० ते २३० च्या आत आलात की ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळतो. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रतेचा पहिलाच सामना हरणाऱ्या मुलीलाही ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे सुमारे १९ लाख रुपये. वर्षाला असे चार आठवडे मिळाले तर कोच परवडतो, फिजिओ परवडतो. त्या रेषेच्या बाहेर, २५० ते ४०० च्या पट्ट्यात, मुलगी उत्तम खेळते आणि तोट्यात जगते. आपल्या मुली तिथेच सुटतात. प्रायोजक अठराव्या वर्षी फोटो काढायला येतो, तेविसाव्या वर्षी फोन उचलत नाही.

अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळायला गेलं की व्यावसायिक करिअर संपतं, असं आमचे कोच म्हणतात. — एक आई, वर्धा

वीस वर्षांपूर्वी हे थोडंफार खरं होतं. आज नाही. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळली आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. सहजाही अमेरिकेतल्या कॉलेजमध्ये खेळलेली. इंडोनेशियाची जॅनिस त्येन अमेरिकेतल्या पेपरडाइन विद्यापीठात शिकली आणि २०२५ मध्ये पहिल्या शंभरात पोहोचली. वर मांडलेला अठरा ते तेवीसचा खर्च शिष्यवृत्तीवर दुसरं कोणी उचलतं, शिवाय रोज तोडीच्या सात-आठ मुली सरावाला. भारतीय मध्यमवर्गीय घरासाठी मला याहून शहाणा मार्ग दिसत नाही. अट एकच: सुट्ट्यांमध्ये स्पर्धा खेळायच्या, नागपूरला येऊन लग्नं खात बसायचं नाही.

दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांची सोय, हे खरं का? — वाचक, अमरावती रोड

सानियाच्या मनगटावर २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, गुडघे आधीच कुरकुरत होते. तिने २०१३ मध्ये एकेरी सोडली. १३ एप्रिल २०१५ ला ती दुहेरीत जगात पहिली झाली. मार्टिना हिंगीसबरोबर विम्बल्डन जिंकलं, मग सलग ४१ सामने, त्यात अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन ओपन. अशी सोय सगळ्यांची होवो. मात्र सोळाव्या वर्षीच दुहेरीपुरतं शिकवू नका. नेटवरचा हात एकेरी खेळूनही तयार होतो, पण नुसत्या दुहेरीतून मागच्या रेषेवरचे पाय तयार होत नाहीत.

नात एकवीस वर्षांची, टेनिसपायी स्थळं बघू देत नाही. मूलबाळ झाल्यावर हा खेळ होतो का हो? — एक आजी, महाल

होतो, आजी. सानियाला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये परत येऊन तिने पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. मागच्या वेळची क्रमवारी राखून परत यायची सोय आता नियमात आहे, आणि २०२५ पासून डब्ल्यूटीएने पात्र खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत पगारी मातृत्व रजाही दिली आहे. मात्र नात अजून डब्ल्यू १५ खेळत असेल तर ती पगारी रजा तिच्यापर्यंत पोहोचणार नाही, ती वरच्यांसाठी आहे.

स्थळांचं म्हणाल तर पंचविशीपर्यंत थांबा. तोवर ती कुठवर जाते ते क्रमवारीतच दिसेल. आणि तुम्हाला तिला मदतच करायची असेल तर मे महिन्यात पहाटे पाचला तिला उठवा. सव्वापाच ते साडेसात एवढाच वेळ नागपूरच्या उन्हाळ्यात कोर्टवर कामाचा असतो. त्या कोरड्या हवेत चेंडू उडतो, तेव्हा तारा एक-दोन पौंड घट्ट विणून घे म्हणावं. बॅगेत पाण्याबरोबर मीठ-साखरेची बाटली असू द्या.