नर्सिंग प्रवेशाची तयारी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बारावीची परीक्षा आटोपली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न येतात ते दर वर्षी जवळजवळ तेच असतात. फक्त गावांची नावे बदलतात. नर्सिंग महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवल्यामुळे हा गोंधळ कुठून सुरू होतो, हे मला ठाऊक आहे. माहितीपुस्तिका कोणी उघडत नाही, आणि शेजारच्या गावातील मुलीला कोणी काय सांगितले ते मात्र सर्वांना पाठ असते. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

मी कला शाखेतून बारावी झाले आहे. बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळेल का? (अमळनेर)

नाही. बीएस्सीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण असतील तर तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा पदविका अभ्यासक्रम करता येतो, आणि पुढे जीएनएम झालेल्यांसाठीची पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवीही करता येते.

मुलीने ‘नीट’ ही परीक्षा दिली नाही. तिचे वर्ष वाया गेले का? (चाळीसगाव)

नाही. राज्यातील बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष स्वतंत्र सीईटी घेतो. लष्करी परिचर्या सेवेच्या महाविद्यालयांसाठी नीट लागते. एम्सची बीएस्सी ऑनर्स नर्सिंगची परीक्षा वेगळी असते आणि तेथे खुल्या प्रवर्गाला ५५ टक्क्यांची अट आहे. या तिन्ही अर्जांच्या तारखा एकमेकींची वाट पाहत नाहीत, त्यामुळे संकेतस्थळ स्वतः पाहावे. मैत्रिणीच्या मोबाईलवर आलेल्या निरोपावर विसंबू नये.

सीईटीत ५० गुण मिळाले नाहीत तर नापास धरतात का? आणि ‘नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड’साठी (नर्सिंगचा कल तपासणाऱ्या भागासाठी) क्लासचे १५ हजार रुपये भरावेत का? (भुसावळ)

खुल्या प्रवर्गासाठी पात्रता ५० पर्सेंटाइलची आहे आणि मागास प्रवर्गांसाठी ४० पर्सेंटाइलची. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बरोबरीने किंवा पुढे असणे. त्याचा शंभरपैकी ५० गुणांशी काही संबंध नाही. परीक्षा १०० गुणांची असते आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी व नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड यांना प्रत्येकी २० गुण असतात. अ‍ॅप्टिट्यूडची ‘गुप्त नोट्स’ विकणाऱ्यांकडे गुप्त असे काही नसते. आमच्या भागातील मुली गुण घालवतात ते इंग्रजीत, कारण बारावीनंतर त्या इंग्रजीचे पुस्तक बाजूला ठेवतात. तेवढे पैसे असतील तर इंग्रजीवर खर्च करावेत, आणि तेही शिक्षकांना विचारून.

गावातील एका ओळखीच्या गृहस्थांच्या म्हणण्याप्रमाणे मध्य प्रदेशातील एका महाविद्यालयात सीईटीशिवाय जीएनएमला थेट प्रवेश मिळतो, हजेरीची अडचण नसते, फक्त परीक्षेला जावे लागते. ते २० हजार रुपये टोकन आणि मूळ गुणपत्रिका मागत आहेत. मुलीला पाठवावे का? (शिरपूर)

पाठवू नये, टोकन देऊ नये, आणि मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला आधीच दिला असेल तर तो आजच परत मागावा. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात गेला की निर्णय तुमचा राहत नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत (कॅप राउंडमध्ये) सरकारी जागा मिळूनही कागद सोडवता आले नाहीत म्हणून ती गमावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

‘हजेरीची अडचण नाही’ हे वाक्य ऐकताच पालकांनी उठून निघून जायला हवे, आणि नेमके तेच वाक्य त्यांना सोयीचे वाटते. लहान मुलाच्या सलाईनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे, हे घरी बसून पाठ करता येते. पण रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाच्या हातातील सुई सरकली आहे की नळीच पिळली गेली आहे, हे वॉर्डात उभे राहिल्यावाचून कळत नाही. प्रसूतीच्या केसबुकात, म्हणजे विद्यार्थिनीने हाताळलेल्या प्रसूतींच्या नोंदवहीत, स्वाक्षऱ्या विकत मिळतात. ती प्रसूती हाताळण्याची वेळ मात्र पुढे धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या उपकेंद्रात खरोखरच येते.

शिरपूरहून सेंधवा आणि रावेरहून बऱ्हाणपूर जवळ असल्यामुळे हे दलाल आपल्याकडे सहज पोहोचतात. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तेथील नर्सिंग महाविद्यालयांची सीबीआयने तपासणी केली, अनेक ठिकाणी त्रुटी आढळल्या, विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या, आणि मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्या सीबीआयच्याच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्या राज्यातील सगळीच महाविद्यालये वाईट आहेत असे मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यांतही दुकाने आहेतच. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्स’ करून देणारे फलक बसस्थानकाबाहेर कोणीही पाहावेत. असे प्रमाणपत्र घेऊन फार तर रुग्ण-सहायकाचे काम मिळते, परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा : हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझी नोंदणी कशी होईल? राज्यातील जीएनएम आणि एएनएमची (सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाची) परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, आणि बीएस्सीची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाची असते. संस्थेचे नाव या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्याच शैक्षणिक वर्षासाठी आणि त्याच प्रवेशक्षमतेसह असायला हवे. भिंतीवर टांगलेले पाच वर्षांपूर्वीचे पत्र पुरावा ठरत नाही. बाहेरच्या राज्यात शिकल्यास आधी तेथील परिषदेत नोंदणी, मग तेथील ना-हरकत घेऊन येथे नोंदणी, असा दुहेरी फेरा पडतो.

त्यानंतर संस्थेचे रुग्णालय पाहायला कामकाजाच्या दिवशी सकाळी अकराला, न कळवता जावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. खाटा मोजण्यापेक्षा चादरी पाहाव्यात. चादरीवर पाकिटातील घड्यांच्या रेषा तशाच असतील, खाटेच्या पायाशी केसपेपर अडकवलेला नसेल आणि सलाईनच्या स्टँडवर प्लास्टिकचे वेष्टन असेल, तर ते रुग्णालय नसून तपासणीसाठी मांडलेला देखावा आहे. तरीही शंका राहिल्यास जवळच्या शासकीय नर्सिंग महाविद्यालयातील एखाद्या शिक्षिकेला यादी दाखवून विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत.

जात प्रमाणपत्र आहे, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) नाही. प्रवेश झाल्यावर काढली तर चालेल का? (तळोदा)

चालेल असे गृहीत धरून बसू नये. मुदतवाढ दर वर्षी मिळतेच, ही ऐकीव गोष्ट आहे, आणि त्या आशेवर राहिलेल्यांना ऐन वेळी खुल्या प्रवर्गात ढकलले जाते. अर्ज अकरावीतच करावा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. आजोबा शाळेत गेले असतील तर प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गेले नसतील तर गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद शोधावी. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी असेल तर काम पुष्कळ हलके होते. जुन्या नोंदीत जमातीचे नाव वेगळे लिहिलेले असेल तर सेतू केंद्रातील टंकलेखकाचा सल्ला न घेता तपासणी समितीच्या कार्यालयात किंवा जाणत्या वकिलाकडे जावे. इतर मागासवर्गीयांनी नॉन क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदतही पाहावी. मुदत संपलेले चालत नाही.

मुलींची फी माफ झाली आहे ना? (पारोळा)

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना ही सवलत आहे, पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. व्यवस्थापन कोट्यातून गेल्यास ती मिळत नाही. आपल्या महाविद्यालयाबाबत शिष्यवृत्ती विभागाकडून खात्री करून घ्यावी.

मुलगा नर्सिंग करू शकतो का? (यावल)

बीएस्सी आणि जीएनएम करू शकतो, एएनएम नाही.

सिकलसेलच्या तपासणीत मुलगी ‘एएस’ आली आहे. वैद्यकीय तपासणीत तिला नाकारतील का? (धडगाव)

एएस म्हणजे वाहक. ती रुग्ण नाही आणि केवळ त्या कारणाने घाबरू नये. अहवाल ‘एसएस’, म्हणजे आजार असल्याचा, असता तर रात्रपाळी, थंडी आणि पाणी कमी पडणे यांमुळे वेदनांचे झटके येऊ शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनशी बोलावे लागले असते. अहवाल लपवू मात्र नये. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्या झाल्या नसतील तर आताच सुरू कराव्यात.

माझे वय २९, लग्न झाले आहे, शिक्षणात दहा वर्षांचा खंड आहे. प्रवेश मिळेल का? (साक्री)

वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षे आहे, त्यामुळे मिळू शकतो. खंडाचे प्रतिज्ञापत्र लागेल. गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आधी तयार ठेवावे, कारण कागदपत्रांच्या पडताळणीत सर्वाधिक वेळ येथेच जातो. वसतिगृहात राहणे सक्तीचे आहे का, हे प्रत्येक महाविद्यालयाला पसंतीक्रम भरण्यापूर्वी विचारावे. जागा मिळाल्यावर विचारून उपयोग नाही.