मीठ चौपट टाकलं, मग करंट का नाही चौपट?

प्रश्न: मुलगा नववीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मिठाच्या पाण्यातून करंट सोडतोय. नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं आणि मल्टिमीटर. विहिरीच्या पाण्यात मीठ न टाकताच थोडा आकडा दिसला, ग्लासात एक चमचा टाकल्यावर करंट एकदम वाढला, पण दोन चमच्यांना दुप्पट काही झाला नाही आणि चार चमच्यांना तर जेमतेमच वाढला. मीटर बिघडलाय का? आणि खोलीत उग्र वास येतो तो कसला?
– एक आई, शिरोडा

उत्तर: मीटर बरा आहे ताई, दुकानात परत न्यायला धावू नका. पाण्यातून करंट नेतात ते मिठाचे सुटे झालेले आयन, म्हणजे सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभार असलेले कण, ते जितके जास्त तितका पाण्याचा रोध कमी, इथपर्यंत मुलाचं बरोबरच आहे. पण गर्दी झाली की हे आयन एकमेकांना मागे ओढतात, आंगणेवाडीच्या जत्रेत पोराचा हात धरून चालल्यासारखं, माणसं भरपूर पण पुढे सरकत कोणी नाही. म्हणून मीठ चौपट केलं तरी पाण्याची वाहकता, म्हणजे करंट वाहून नेण्याची ताकद, साधारण तिप्पटच होते.

पण तुमच्याकडे तेवढाही फरक दिसला नाही, तो दोष आयनांचा नाही. दोनशे मिली पाण्यात चमचाभर मीठ म्हणजे जवळजवळ समुद्राएवढं खारं झालं की हो! तिथेच पाण्याचा रोध इतका उतरतो की पुढे करंट अडवायला बाकीचेच उरतात, पेन्सिलीचं शिसं स्वतः, बॅटरीच्या आतला रोध, शिसावर चिकटलेले बुडबुडे, आणि वर बॅटरीतले दोनेक व्होल्ट तर पाणी-मीठ फोडण्यातच जातात. मीठ फक्त पाण्याचा रोध कमी करतं, या बाकीच्यांना ते काय करणार. (अॅसिडचं तर अजून गमतीशीर, सल्फ्युरिक अॅसिडची वाहकता तीस टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त आणि पुढे उलट कमी होते, होडीच्या बॅटरीतलं अॅसिड त्याच्या जवळपासच असतं.)

तेव्हा चमचे सोडा, चिमटीने सुरुवात करा. पाणी विहिरीचं नको, किनाऱ्याजवळची विहीर मे महिन्यात मचूळ होते, त्यातच क्षार असतात म्हणून तो पहिला आकडा आला. गॅरेजमध्ये बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. एक चिमूट, दोन, चार असं वाढवा, शिसांमधलं अंतर आणि ती किती बुडवायची ते प्रत्येक वेळी सेम ठेवा, आणि दर वेळी बुडबुडे झटकून लगेच आकडा लिहून घ्या, मग वाढ जवळजवळ पटीत दिसेल.

वास क्लोरीनचा आहे, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात ना तसाच. खिडक्या उघड्या ठेवा, बॅटरी मिनिटभराच्या वर लावू नका, आणि घरातल्या प्लगला हे सगळं अजिबात जोडू देऊ नका.

आणि शिरोड्यातच राहता तर मिठागरात विचारून वेगवेगळ्या वाफ्यांतलं बाटलीभर पाणी आणा ना, उन्हाने आटत आटत प्रत्येक वाफ्यातलं पाणी वेगळं दाट झालेलं असतं. फक्त त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्याचे आकडे घरच्या मिठाशी जुळवत बसू नका.