पळसाला वास का नाही?

प्रश्न : आमच्या दारची रातराणी अंधार पडला की घमघमते. गोरेवाड्याकडचा पळस भर उन्हात पेटल्यासारखा दिसतो, पण वास म्हणून नाही. नात विचारते, "आजी, फुलांना कसं कळतं कोण येणार ते?" तिला काय सांगू?
– एक वाचक आजी, नागपूर

उत्तर : ताई, फुलाला काहीच कळत नाही. निवड करतो तो येणारा.

फाल्गुनात सकाळी लवकर नातीला घेऊन एखाद्या पळसाखाली अर्धा तास बसा. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण पळस मला कळला तो असं बसूनच. काळानिळा चकाकणारा शिंजीर येईल. पडलेलं एक फूल तिच्या हातात द्या. पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार पाकळीत केसर दडलेले दिसतील. शिंजीर मधासाठी चोच खुपसतो तेव्हा पराग त्याला चिकटतात आणि पुढच्या झाडावर जातात. पक्षी फूल शोधतो डोळ्यांनी, लाल-केशरी रंग त्याला लांबून दिसतो. ज्या झाडांची फुलं त्याच्या नजरेत भरली, त्यांना शेंगा जास्त धरल्या आणि त्यांचीच रोपं वाढत गेली. वासाचा इथे उपयोग नव्हता.

मोहाचं उलटं. त्याच्याकडे रात्री वटवाघळं येतात. म्हणून रंग फिका, वास दांडगा आणि पाकळी गरदार, गोड. ती तोंडाने ओढताना पराग वटवाघळाला लागतात. तुमची रातराणी तर मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. तिचा वास तिकडच्या निशाचर पतंगांच्या सोबतीने घडला.

याला हजारो वर्षं लागत असतील असं मलाही वाटायचं. पण २०१७ साली झुरिचच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि मी तो दोनदा वाचून काढला. मोहरीच्या जवळच्या नात्यातली झाडं त्यांनी वेगवेगळ्या गटांत वाढवली. एका गटाचं परागीभवन फक्त बंबलबी, म्हणजे मोठ्या केसाळ मधमाश्यांकडून, दुसऱ्याचं फक्त हॉवरफ्लाय, म्हणजे हवेत एका जागी तरंगणाऱ्या छोट्या माश्यांकडून. नऊ पिढ्यांत पहिल्या गटाची झाडं उंच झाली, त्यांच्या फुलांचा वास वाढला. दुसऱ्या गटाची बुटकी राहिली, वास कमी झाला आणि स्वतःच्याच परागांवर बी धरण्याची सवय वाढली. नऊच पिढ्या, ताई!

आणि होळीच्या रंगासाठी नातीला खाली पडलेलीच फुलं वेचू द्या. फांदीवरच्यांकडे शिंजीर अजून यायचा असतो.