वर बर्फ होतोय, खाली दूध नासतंय? गॅस भरायला लगेच हो म्हणू नका

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अडीचशे लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, सात वर्षं जुना. वर आइस्क्रीम घट्ट राहतं, खाली मात्र दूध दुसऱ्या दिवशी फाटतं आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. मेकॅनिकने मागचं झाकणही न उघडता 'गॅस गेलाय' म्हणून सांगितलं. भरावा का?

आत्ताच नको. गॅस ही खपणारी वस्तू नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. शिवाय गॅस गेला की सहसा वरचं कूलिंगही ढिलं पडतं, आइस्क्रीम मऊ व्हायला लागतं. तुमची लक्षणं वेगळी आहेत.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये गार होणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. पंखा तिच्यावरची थंड हवा वर फेकतो आणि त्यातलीच थोडी एका वाटेने खाली सोडतो. कॉइलवर दव गोठत राहतं. ते वितळवायला तिच्याखाली हिटर असतो, आणि साधारण आठ-बारा तास कॉम्प्रेसर चालला की तो थोडा वेळ चालू होतो. हा हिटर चालू व्हायचा थांबला की बर्फ कॉइलच्या पातळ पत्र्यांच्या फटीत भरतो आणि हवेची वाट बुजते. वरचा कप्पा कॉइलला चिकटूनच असल्याने तग धरतो, खालचा आधी मरतो. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर आतून बर्फाची पांढरी खरखरीत, बुरशीसारखी साय धरलेली दिसली, तर बहुतेक हेच झालंय.

पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन बटणं असतात: खालचं थर्मोस्टॅटचं, म्हणजे थंडावा ठरवणारं, तर फ्रीझरमधलं फक्त हवेची वाटणी करणारं. आइस्क्रीमसाठी कुणी फ्रीझरचं बटण सगळ्यात थंडवर फिरवलं की खाली जाणारी हवा कमी होते. ते मधोमध आणा. दुसरं, खालच्या कप्प्यात मागच्या बाजूच्या जाळीला कोथिंबिरीची पिशवी किंवा पातेलं टेकलेलं नाही ना? एवढ्यानेही दूध नासतं. तपासायचं तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर बारा तास ठेवा. ३ ते ५ अंश हवेत.

तरी फरक नाही? मग फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून २४ तास तसाच सोडा. खाली जुनी चादर टाका, पाणी बरंच येईल. घाई करून सुरीने बर्फ खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर आज नसलेला गॅसचा खर्च उद्या खरोखर येईल. चोवीस तासांनी चालू करा. खालचा कप्पा छान गार झाला आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा तीच रड सुरू झाली, तर निदान झालं: डिफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याच्या सोयीचा बिघाड. गेलेला गॅस फ्रीज बंद ठेवल्याने परत येत नाही, हे मेकॅनिकला सांगायला विसरू नका.

आता त्याला तपासायला सांगा तीन भाग: हिटर, थर्मल फ्यूज (फार तापलं तर हिटरची वीज तोडणारा) आणि बायमेटल (थंडीनुसार हिटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच). हे मल्टिमीटरने होतं, अर्थात प्लग काढून. २३० व्होल्टच्या १२० ते २०० वॅटच्या हिटरचा रोध अडीचशे ते साडेचारशे ओहमच्या आसपास येतो. काहीच आलं नाही तर तो तुटलाय. फ्यूजमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाणं, हवीच. बायमेटलमध्ये मात्र हमखास घोळ होतो: तो गारठल्यावरच जोडला जातो, त्यामुळे टेबलावर ठेवून मोजला तर चांगला तुकडाही खराब वाटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीठ टाकलेल्या बर्फात अर्धा तास ठेवावा, मग मोजावा. जुन्या मॉडेलात चौथा संशयित हिटर कधी लावायचा ते ठरवणारा टायमर, डिजिटलमध्ये सेन्सर आणि बोर्ड. कुणी 'फ्यूज काढून डायरेक्ट जोडून देतो' म्हणालं तर नाही म्हणा. हिटर बंदच झाला नाही तर आतलं प्लॅस्टिक वितळतं, आगही लागू शकते. आणि पॅनेलवर साय नसेल, पण दाराचा स्विच दाबून धरल्यावर पंख्याचा आवाजही येत नसेल, तर दोष पंख्याचा समजा.

ट्रेखालचं पाणी याच कहाणीचा दुसरा तुकडा. कॉइलखालच्या पन्हळीतून पाणी नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. भोक बर्फाने किंवा चिकट घाणीने बुजलं की ते उलटं आत उतरतं. पॅनेल उघडलंच आहे तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी त्या भोकात सोडा, मागच्या ट्रेमध्ये पडेपर्यंत. उकळतं नको. तो मागचा ट्रे पावसाळ्यात दर आठवड्याला घासून धुवा. डेंग्यूच्या डासांची अळी तिथे आरामात वाढते, महापालिकेची माणसं घरी आली की आधी तिथेच बॅटरी मारतात.

दाराचं रबरही एकदा बघून घ्या, कारण तिथून दमट हवा शिरली की बर्फ जास्त वेगाने धरतो. दारात कागद अडकवून ओढा. चारही बाजूंनी अडखळत यायला हवा. सैल निघाला तर आधी साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा, पुष्कळदा तेवढंच पुरतं.

बंद ठेवण्याच्या प्रयोगानंतर पहिल्याच दिवशी दोन्ही कप्पे ढिले राहिले, आणि पॅनेल काढल्यावर कॉइलच्या फक्त एका कोपऱ्यात दव दिसलं, बाकी कोरडी, तर मात्र गॅसचा संशय खरा. फ्रीजवरच्या माहितीच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-६००ए असेल तर तो ज्वलनशील आहे आणि लागतो जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अंदाजाने भरण्याचा विषयच नाही. गळती शोधणार का, फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम ओढणार का (म्हणजे भरण्याआधी नळ्यांतली हवा काढणार का), एवढं विचारा. त्याच्या पिशवीत गॅस मोजायचा वजनकाटा नसेल तर काम त्याला देऊ नका.